पाहुण्यांची वहिवाट

सदर व्यक्ती स्त्री असून वय पंचेचाळिसाच्या आसपास, उंची बेताची, बांधा मध्यम. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर इस्त्रीचा जुना चटका, आकार होडीसारखा. व्यवसाय : मोठ्या लाँड्रीत वाफेच्या प्रेससमोर उभे राहणे. सवयी : चांगल्या. व्यसन : दुपारचा दुसरा चहा. वैवाहिक स्थिती : आहे. सदर व्यक्ती पतीसह एका तीनमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर एवढ्या जागेत भाड्याने राहते. पैकी रस्त्याच्या बाजूची, उजेडाची व एकूणच बरी म्हणावी अशी खोली गेली चार वर्षे पाहुण्यांच्या वहिवाटीत आहे. पाहुण्यांशी नाते : दिराकडून. पाहुण्यांचा स्वभाव : अबोल. आहार : शाकाहारी. पाहुण्यांना शेपटी आहे.

शेपटीसकट मोजले तर पाहुणे लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलाएवढे भरतात. अंग हिरवं, पण ताजं हिरवं नव्हे. फार वेळा धुतलेल्या पडद्याचं असतं तसं. गळ्याखाली कातड्याची झोळी, पाठीवर कंगव्याचे दाते, आणि चेहऱ्यावर, हे तिचं मत, अर्ज न वाचता फेटाळणाऱ्या साहेबाचा भाव. पाहुणे म्हणजे इग्वाना. कोणी ‘मोठी पाल’ म्हटलं तर तिचा नवरा दुखावतो, ‘सरडा’ म्हटलं तर दीर दुखावतो. ती मनातल्या मनात दोन्ही म्हणते, आळीपाळीने.

चार वर्षांपूर्वी दीर दुसऱ्या शहरात नोकरीला निघाला, तेव्हा एक काचेची पेटी घेऊन आला होता. पेटीत वीतभर लांबीचं काहीतरी हिरवं फांदीला चिकटून बसलं होतं. “वहिनी, पंधरा दिवस. फक्त तिकडे जागा मिळेपर्यंत,” दीर म्हणाला. “नर आहे. रुबाब बघा कसा.” वीतभर हिरव्या काडीचा रुबाब बघायला तिला सवड नव्हती, भाजी जळत होती. ती ‘बरं’ म्हणाली. त्या एका ‘बरं’बद्दल ती पुढे स्वतःला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिराला जागा पहिल्याच आठवड्यात मिळाली. मग ती लहान निघाली. मग त्याचं लग्न झालं, आणि बायकोला सरपटणाऱ्या प्राण्यांची ॲलर्जी निघाली. अशी ॲलर्जी असते का, असं तिने फोनवर विचारलं. दीर म्हणाला, डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं.

आता जागेबद्दल. जागा बेलिफकाकांची. बेलिफकाका म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेला बेलिफ. उभी हयात त्यांनी लोकांना घराबाहेर काढण्यात घालवली. हुकूम हातात, दोन पंच बरोबर, भांडी मोजायची, दाराला कुलूप ठोकायचं, पुढचं घर. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. बेलिफकाकांनी इमारत बांधली आणि भाडेकरू ठेवले. हात चालू राहावा म्हणून, असं तिचा नवरा म्हणतो. ते स्वतः पहिल्या मजल्यावर राहतात, म्हणजे बरोबर तिच्या पायाखाली. जागा देताना त्यांनी दोन बोटं वर केली होती.

“एक, जनावर नाही. दोन, पोटभाडेकरू नाही. पाहुणे चालतील. माणसाकडे पाहुणे यायचेच.”

तर पेटी आली त्या दिवशी दीर आणि नवरा ती चादर टाकलेली पेटी दोन्ही बाजूंनी धरून जिना चढत होते, आणि पहिल्या मजल्यावर बेलिफकाका दारात उभे.

“काय आहे हे?”

नवरा बस चालवतो. उशीर हा त्याच्या रक्तात आहे. पण त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याचं उत्तर वेळेवर आलं. “पाहुण्यांचं सामान आहे, काका.”

शब्द तिथे जन्मला, आणि वरच्या मजल्यावर येऊन प्राण्याबरोबरच वाढला. पाहुणा या शब्दाची एक खोड आहे, तो एकटा असला तरी अनेकवचनात बसतो. सुरुवातीला जिन्यात कोणी ऐकेल म्हणून सावधगिरीने चालायचं, “पाहुणे उठले का?”, “पाहुण्यांनी खाल्लं का?”. मग सावधगिरीची सवय झाली आणि सवयीचा मान झाला. दार लावून, पडदे ओढून, ऐकायला चिटपाखरू नसतानाही नवरा म्हणू लागला, “अगं, हळू बोल, पाहुणे आत्ताच पडलेत.” त्या घरात ‘तो’ फक्त ती म्हणायची, आणि तेही चिडल्यावर. म्हणजे बहुतेक वेळा.

पाहुण्यांना थंडी सोसत नाही. म्हणून त्यांच्या खोलीत दोन दिवे, एक ऊब देणारा, एक उन्हाची नक्कल करणारा. हवा दमट लागते, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा. ती दिवसभर लाँड्रीत वाफेच्या प्रेससमोर उभी असते, हॉटेलांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे, दट्ट्या खाली आला की फस्स करून ढग चेहऱ्यावर. संध्याकाळी रस्ता ओलांडून घरी यावं, दार उघडावं, तर तेच हवामान. फक्त इथे साबणाऐवजी पाल्याचा वास. चार वर्षांत तिला एकदाही थंडी वाजलेली नाही. स्वेटर कपाटात घडी घातला तसाच आहे. घडी अर्थात उत्तम.

पाहुणे रोज टबात बसतात, आणि लोक ज्यासाठी टबात बसत नाहीत ते करतात. पाण्याशिवाय त्यांना होतच नाही. मग टब घासायचा. कोणी? नवऱ्याची पहिली पाळी असते. शिवाय पाहुणे नाकातून मीठ शिंकतात. पहिल्यांदा ते पांढरे शिंतोडे खिडकीच्या काचेवर दिसले तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याने रंगकाम काढलं. चार वर्षांत तो भ्रम पुन्हा झाला नाही. पाहुण्यांचं मन नसताना जवळ गेलं तर शेपटीचा फटका बसतो, ओल्या दोरीसारखा. नवऱ्याला स्वतःचा चहा धड करता येत नाही, पण पाहुण्यांसाठी तो भोपळा असा एकसारखा किसतो की एखाद्या आचाऱ्याने बघत राहावं. एकदा त्याने जास्वंदीची फुलं आणली. चुकून ती पुढे झाली. “अगं, तुला नाही,” तो म्हणाला.

दर रविवारी दिराचा फोन.

“वहिनी, पाहुणा कसा आहे?”

“मजेत. मी मरते आहे.”

“तुमची चेष्टा करायची सवय काही गेली नाही. त्याच्या अंगावरून जरा प्रेमाने हात फिरवत जा. एकटं वाटतं त्यांना.”

“तू ये आणि फिरव.”

“पुढच्या महिन्यात नक्की.”

लाँड्रीत तिला कडकताई म्हणतात. एक तर तिच्या हातून गेलेली कॉलर कडक निघते म्हणून, आणि दुसरं कारण तिच्यासमोर कोणी सांगत नाही. शेजारच्या प्रेसवर घड्या घालणारी एक जण आहे, तिला सगळं ठाऊक.

“काय कडकताई, पाहुणे गेले का?”

“गेले असते तर मी अशी दिसले असते?”

“रंग बदलतो म्हणे गं तो?”

“तो नाही बदलत. दीर बदलतो.”

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. प्राणिसंग्रहालयाला फोन केला, तर तिथले गृहस्थ म्हणाले, बाई, लोक हौसेने घेतात आणि मोठा झाला की आमच्या दारात आणून सोडतात, आमच्याकडेच आता उभं राहायला जागा नाही. ज्या दुकानातून दिराने घेतला होता तिथे गेली. दुकानदार म्हणाला, आम्ही विकतो, परत घेत नाही. अंगाला बसला नाही म्हणून आणून द्यायला हे कपड्यांचं दुकान आहे का?

असं नाकी नऊ येत, पण चाललं होतं. मग पाहुण्यांनी खाणं सोडलं आणि खरवडायला सुरुवात केली.

का, ते कोणालाच कळेना. भोपळ्याचा कीस सुकून जाई. पाहुणे दिवसभर खोलीभर फिरत, कोपऱ्यात जात, पुढच्या दोन्ही पायांनी फरशी खरवडत, पलंगावर चढत, धपकन उतरत, पुन्हा दुसरा कोपरा. लाँड्रीतून टाकून दिलेले जुने टॉवेल तिने आणून तिथे घातले, निदान फरशीला ओरखडे नकोत म्हणून, तर त्यांनी टॉवेल खोदायला घेतले. नवऱ्याचा जीव टांगणीला. त्याने दिराला विचारलं. दीर म्हणाला, “नर आहे ना, वयात आलाय. होतं असं. आपण नाही का वागलो?”

आणि त्याच आठवड्यात बेलिफकाकांनी तिला जिन्यात थांबवलं.

“ताई, जरा. तुमच्याकडे पाहुणे आहेत.”

“आहेत.”

“किती दिवस झाले?”

“झाले थोडे.”

“चार वर्षं,” बेलिफकाका म्हणाले. “पाहुणा आठवड्याने जातो, ताई. महिना राहिला तर त्याला नातेवाईक म्हणतात. चार वर्षं राहिला तर त्याला पोटभाडेकरू म्हणतात.”

तिने तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. कोर्टात साक्षीदाराला गप्प करतात तसा.

“मी अंदाजाने बोलत नाही. तुम्ही दोघं कामावर गेलात की वर कोणीतरी पलंगावरून उतरतं. चालतं. खिडकीशी थांबतं. दिवे दिवसभर. पडदे ओढलेले. टबात पाणी रोज. भाजी दोघांना लागते त्याच्या दुप्पट. हल्ली फर्निचर सरकवतात की काय, खरवडल्याचा आवाज येतो. गृहस्थ सज्जन आहेत, ते मी नाकारत नाही. दार आपटत नाहीत, गाणी लावत नाहीत, मित्र गोळा करत नाहीत. एकटे दिसतात. मी तर सगळ्यांना सांगतो, वरचे गृहस्थ बघा, असं राहावं. पण मी भाडेकरू ठेवतो, भाडेकरूचा भाडेकरू ठेवत नाही. रविवारी दुपारपर्यंत ते माझ्या डोळ्यांदेखत हा जिना उतरले पाहिजेत. नाही तर सोमवारी मी हुकूम घेऊन वर येईन.” ते आपल्या दाराकडे वळले. “मी वर येतो तेव्हा भांडी मोजतो.”

तिच्या जिभेवर आलं होतं, काका, कसला गृहस्थ, जनावर आहे ते! पण मग पहिलं बोट. दुसऱ्या बोटातून सुटावं तर पहिल्यात अडकावं. ती कठड्याला धरून उभी राहिली. पायांच्या शिरा फुगून दोऱ्यांसारख्या झालेल्या, दिवसभर उभं राहून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काम सोडता येत नसेल तर निदान चालणं सोडा. लाँड्री रस्त्यापलीकडे आहे, म्हणून तर ही जागा. ही गेली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी, दोन बस बदलून, आणि बसमध्ये तिला बसायला जागा मिळाल्याचा इतिहास नाही, नवऱ्याच्या बसमध्येसुद्धा. जागा गेली तर नोकरी गेली, एवढा साधा हिशेब होता. आणि दोन्ही घालवणारा वर टॉवेल खोदत होता.

“त्याला आजच्या आज कुठेतरी द्या,” ती नवऱ्याला म्हणाली.

“असं कसं? पाहुणे चार दिवस जेवले नाहीत.”

“मीही जेवले नाही.”

“तुला काय झालं?”

ती टब घासायला उठली. बोलून काय झालं असतं?

नवऱ्याने एक दिवस विचार केला आणि तोडगा काढला. तोडगा असा : बेलिफकाकांना गृहस्थ जाताना बघायचे आहेत ना, मग आपण त्यांना गृहस्थ जाताना दाखवू. डेपोत त्याचा एक मित्र होता. दोन नंबरची बस चालवतो, म्हणून त्याला दोन नंबरच म्हणतात. त्याने एकदा नाटकात रखवालदाराचं काम केलं होतं. दोन वाक्यं होती. तेव्हापासून तो स्वतःला नट समजतो.

“लोक पाहुणा घालवण्यासाठी खोटं बोलतात,” ती म्हणाली. “तुम्ही पाहुणा ठेवण्यासाठी खोटा पाहुणा आणणार?”

“ठेवण्यासाठी नाही गं. वेळ काढण्यासाठी.”

“चार वर्षं काढलीत ती काय होती?”

रविवारी सकाळी बेलिफकाका दूध आणायला गेले तेवढ्यात दोन नंबर वर आला. बरोबर बॅग. बॅगेत काय, म्हणून तिने उचलली तर खांदा निखळायची वेळ आली. “विटा,” तो म्हणाला. “रिकामी बॅग उचलताना चेहरा खरा येत नाही.” दुपारपर्यंत तो स्वयंपाकघरात बसून तिच्या हातचं खात आणि निरोपाचं भाषण पाठ करत होता. पाहुण्यांच्या खोलीत त्याने एकदाच डोकावलं आणि पाय वर घेऊन बसला.

दुपारी बेलिफकाका जिन्यात खुर्ची टाकून बसले. वर यायचा प्रश्न नव्हता. दुसऱ्याचा उंबरठा ओलांडायला हुकूम लागतो, हे त्यांचं तत्त्व. दोन नंबर उतरला. मागे नवरा, मागे ती, चेहरा जेवढा सरळ ठेवता येईल तेवढा ठेवून.

“अखेर दर्शन झालं,” बेलिफकाका उठून उभे राहिले. “चार वर्षं नुसतं ऐकतोय. मला वाटलं त्यापेक्षा उंच आहात. पावलावरून मी ठेंगणे समजलो होतो.”

“मी जरा वाकून चालतो,” दोन नंबर म्हणाला.

“पलंगावरून इतक्या जोरात उतरू नये. गुडघे जातात.”

“गेलेच आहेत.”

“काय करता आपण?”

ह्याची तयारी झाली नव्हती. दोन नंबरने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने भिंतीकडे. “मी... फारसं काही नाही,” दोन नंबर म्हणाला. “दिव्याखाली बसतो.”

“अभ्यास!” बेलिफकाका खूश झाले. “मला वाटलंच. पुस्तकी माणूस. एकटे?”

“एकटाच.”

तिला वाटलं, आता पुरे. पण दोन नंबरला पहिल्यांदाच दोनपेक्षा जास्त वाक्यं मिळाली होती. त्याने बॅग खाली ठेवली. विटांचा दणदणीत आवाज झाला. “काका, चार वर्षं तुमच्या छत्राखाली काढली. कोणी विचारलं नाही, कोणी हाकललं नाही. असं घर पुन्हा मिळायचं नाही. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला.” त्याचे डोळे खरंच भरून आले होते. बेलिफकाकांनीही चष्मा काढला. आयुष्यात त्यांनी शेकडो माणसं घराबाहेर काढली, पण कोणी त्यांना असा निरोप दिला नव्हता.

“येतो, काका,” दोन नंबर म्हणाला.

“या,” बेलिफकाका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं. तळमजल्याच्या शिवणवाल्या बाईंना, समोरच्या किराणावाल्याला, बेलिफकाकांनी स्वतः सांगितलं, वरचे गृहस्थ गेले, काय माणूस होता, विद्वान. मी शब्द टाकला आणि एका शब्दावर गेला. वाद नाही, तक्रार नाही. अशी माणसं आता होत नाहीत.

सोमवार शांततेत गेला. बहुधा बेलिफकाका बाहेर गेले असावेत.

मंगळवारी दुपारी सुपरवायझर बाई प्रेसच्या आवाजावर ओरडल्या, “कडकताई, घरून फोन!” घरून फोन करील असं तिच्या घरात कोणी नव्हतं. जे होते त्यांना बोटं होती, पण फोन लावता येत नव्हता.

“ताई,” पलीकडे बेलिफकाका होते, पण आवाज त्यांचा नव्हता. “जरा येऊन जा.”

ती एप्रनसकट रस्ता ओलांडून आली. बेलिफकाका पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसले होते, एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर, नडगीवर लांब लाल वळ. चष्मा वाकडा. खालून तळमजल्याच्या शिवणवाल्या बाई गळ्यात मापाची टेप घेऊन वर बघत होत्या.

झालं असं होतं. गृहस्थ तर गेले, आणि वर कोणीतरी फरशी खरवडतंय. बेलिफकाकांनी सरळ निष्कर्ष काढला, चोर. त्यांनी शिवणवाल्या बाईंना पंच म्हणून जिन्यात उभं केलं, जादा किल्ली घेतली, काठी घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हुकमाशिवाय दुसऱ्याचा उंबरठा ओलांडला. ते आत गेले. मग ते बाहेर आले. मधल्या भागाबद्दल ते बोलत नव्हते. काठी आतच राहिली होती.

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. पाय इतके दुखत होते की भीतीलाही जागा उरली नव्हती.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “जनावर आहे.”

चार वर्षांत तो शब्द त्या जिन्यात कोणी उच्चारला नव्हता. तो बाहेर पडल्यावर बाकीचं आपोआप आलं. “चार वर्षं आहे. दिराचं आहे. पंधरा दिवसांसाठी आलं होतं. मी टब घासते, मी फरशी पुसते, त्याची कात मी सोलते, त्याच्या नाकातलं मीठ मी काचेवरून पुसते, आणि माझ्याच घरात मला हळू बोल म्हणतात, पाहुणे झोपलेत! तो रविवारचा माणूस बस चालवतो. त्याच्या बॅगेत विटा होत्या. तुम्ही म्हणा, हे जनावर उद्याच्या उद्या बाहेर गेलं पाहिजे. तुम्ही म्हणालात तर नवरा ऐकेल. माझं चार वर्षांत ऐकलं नाही. जनावर काढा आणि आम्हाला राहू द्या, काका. मला लांब चालवत नाही.”

 बेलिफकाकांनी विजारीचा पाय खाली घेतला.

“कोणतं जनावर?”

“आत्ता ज्याने तुम्हाला शेपटी मारली ते!”

“मला कोणी मारलं नाही. मी जिन्यात घसरलो.”

“काका, तुमची काठी आत आहे.”

“विसरलो.” त्यांनी आवाज खाली आणला. “ताई, एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही घरातून रिकाम्या हाताने बाहेर पडलो नाही. कुऱ्हाड घेऊन उभे राहिलेत लोक माझ्यासमोर. कुत्रे सोडलेत. मी भांडी मोजूनच बाहेर आलो. आणि आज,” त्यांनी नडगीवरून हात फिरवला आणि वाक्य सोडून दिलं. “शिवाय मी सगळ्यांना काय सांगून बसलोय? विद्वान. एका शब्दावर गेला. किराणावाला आयुष्यभर माझ्याकडे बघून मान डोलावेल. आता खाली जाऊन सांगू, की चार वर्षं मी ज्याचं कौतुक केलं तो सरडा होता?”

“इग्वाना,” ती सवयीने म्हणाली, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

“जे असेल ते. तुमच्याकडे जनावर आहे असं ठरलं तर माझा पहिला नियम मोडतो, मला जागा खाली करून घ्यावी लागेल, आणि का ते लोकांना सांगावं लागेल. पोटभाडेकरू आहे असं ठरलं तर दुसरा मोडतो. पाहुणे चालतात. हे मी आधीच सांगितलेलं आहे.”

“पण पाहुणे गेले, तुम्हीच सांगितलं सगळ्यांना!”

बेलिफकाकांनी चष्मा सरळ केला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्यांचा वाटला.

“जाताना काय म्हणाले ते? ‘जातो’ म्हणाले?”

तिने आठवून पाहिलं.

“‘येतो’ म्हणाले. मी साक्षीदार आहे. मी ‘या’ म्हणालो. म्हणजे माझी संमती आहे. आले.”

“काका, असं सगळेच म्हणतात! माणूस स्मशानातून घरी निघतानासुद्धा—”

“शब्द तो शब्द.”

“आणि माझी खोली?”

“ती तुमच्या घरातली बाब आहे. त्यात मी पडत नाही.”

खालून शिवणवाल्या बाईंचा धीर सुटला. “काका, चोर आहे का हो? पोलिसांना बोलावू?”

बेलिफकाका कठड्याला धरून उभे राहिले. एक पाय टेकवत नव्हते, पण मान ताठ होती. दारोदार हुकूम वाचून दाखवणारा तो आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत दारं उघडली.

“चोर नाही. सर्वांना कळवण्यात येते की, दुसऱ्या मजल्यावर पूर्वी वास्तव्यास असलेले गृहस्थ, शांत, निर्व्यसनी, अभ्यासू, शाकाहारी, अविवाहित, हे आज रोजी परत आलेले आहेत. त्यांची प्रकृती ठीक नसल्याने त्यांना भेटायला कोणी जाऊ नये. मी स्वतः आत जाऊन खात्री केलेली आहे. ते यापुढे इथेच राहतील.”

शिवणवाल्या बाई म्हणाल्या, बरं झालं बाई, चांगली माणसं जाऊ नयेत. ती पायरीवरून उठली, वर गेली, आणि बेलिफकाकांची काठी ओढून काढताना तिला हातावर एक फटका बसला, चटक्याच्या होडीच्या जरा वर.

हे मंगळवारी. गुरुवारी त्या गृहस्थांनी टॉवेलांच्या ढिगात परातभर अंडी घातली.